जीपचं मागचं दार

उद्या ती जुनी जीप बघायला निघालात म्हणे तुम्ही तिघं? जा, खुशाल जा. मी अडवणारा कोण! चाळीस वर्षं स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो. जुन्या गाड्यांच्या नादी लागलेली माणसं रोज बघितली. वाईट नसतात. फक्त रविवारी घरी सापडत नाहीत.

पण जायच्या आधी एक ऐकून जा. उडत आलेली गोष्ट नाही ही. ज्याच्यासमोर घडलं तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला माझ्या काउंटरवर कोपर टेकून उभा होता. समोरच्या चहावर साय धरली तरी त्याचं लक्ष नव्हतं. आणि हा माणूस मीठमसाला लावणारा नव्हे. गाडी बंद का पडली हेसुद्धा तीन शब्दांत सांगायचा, चौथा शब्द लागला तर कंटाळायचा.

त्याला सगळे ठोके मिस्त्री म्हणायचे. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. जुनी गाडी तपासायला गेला की खिशातून वीतभर हातोडी काढायचा आणि गाडीखाली शिरून चासी ठोकत जायचा. चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ज्यावर बाकी सगळं उभं असतं. टण् वाजलं तर लोखंड खरं. ठप् वाजलं तर आतून गंजलेलं, वरून कितीही रंग फासलेला असो. ठप् वाजलेल्या जागी स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार जायचा. एकदाही चुकला नाही. पुढे पुढे पोस्टमनसुद्धा त्याला ठोकेच म्हणायला लागला.

तर या ठोके मिस्त्रीची भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी, जनावरांची डॉक्टर. तिची निम्मी जनावरं जिथे रस्ता संपतो त्याच्या पुढे राहणारी. चार चाकांनी ओढणारी गाडी तिला हवीच होती. पण नवी नको. म्हणाली, "मामा, मला गाडी घ्यायची नाहीये, गाडी करायची आहे. शेवटचा नटबोल्ट माझ्या हाताने काढणार आणि माझ्या हाताने बसवणार. तू फक्त सांगाडा बघून दे."

मामा काय, हवेतच! आयुष्यात पहिल्यांदा घरातलं कोणीतरी त्याच्या कामाबद्दल असं बोललं होतं.

मार्चमधला दुसरा शुक्रवार होता. बघायला जायचं होतं पाच वाजता. पण नेमकी एका गाईच्या पोटात वासरू आडवं अडलं आणि डॉक्टरीणबाई तिथे अडकल्या. वासरू सुखरूप, गाय सुखरूप, आणि घड्याळात सहा वाजून गेलेले. अंधारात गाडी बघायची नाही हा मिस्त्रीचा नियम. "उद्या येऊ," म्हणाला. पण उद्या सकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. भाचीने नुसतं मामाकडे बघितलं. तो म्हणाला, "बरं, चल. पण टॉर्च घे मोठा."

पोचले तेव्हा सात वाजायला दहा कमी होते.

गावाच्या शेवटाला एकमजली घर. मागे सिमेंटचं अंगण आणि अंगणाच्या टोकाला विटांची शेड, वर पत्रा. घरात दोनच माणसं. एक पाण्याचे पंप दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, किडकिडीत. दुसरी त्याची वहिनी, थोरल्या भावाची बायको. गाडी तिच्या नावावर होती आणि विकायचं तिनेच ठरवलं होतं. पंपवाल्याचं मन नव्हतं हे न सांगता कळत होतं. शेडची किल्ली हातात असून तो ती खिशात शोधत होता.

शेडमधला ट्यूबलाइट दोनदा फडफडला आणि लागला.

जीप उभी होती. काळपट हिरवी, मागे पत्र्याची बंद केबिन. भाचीच्या तोंडून "अय्या!" निघून गेलं. मिस्त्रीने तिला कोपराने ढोसलं. विकणाऱ्यासमोर अय्या म्हणायचं नसतं, हे तुम्हीही उद्या लक्षात ठेवा.

मग त्याचं काम सुरू झालं. आधी चुंबक. दाराला, मडगार्डला, चाकावरच्या गोलाईला चुंबक लावून बघितलं. जिथे पुट्टी भरलेली असते तिथे चुंबक धरत नाही. सगळीकडे धरलं. स्टिअरिंग हलवून बघितलं, ढिलाई बेताची. ऑइलची पट्टी काढून नाकाशी धरली. पुढच्या दिव्याची काच काढून आत बोट फिरवलं आणि ते बोट ट्यूबलाइटखाली धरलं.

बोटाला गाळ होता. बारीक, वाळलेला, नदीचा.

"ही गाडी पाण्यात होती," मिस्त्री म्हणाला.

पंपवाला म्हणाला, "पावसाळ्यात कधी रस्त्यावर पाणी असतं..."

"रस्त्यावरचं पाणी दिव्यात जात नाही."

तोवर वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ट्रे कामाच्या टेबलावर ठेवला, आणि सरळ म्हणाल्या, "सांगायला नको का, भाऊजी? अहो, अकरा वर्षांपूर्वी ओढ्याला पूर आला होता. हे दोघं पंप बसवून परत येत होते. हे भाऊजी चालवत होते. आमचे हे मागे बसले होते, पंपाची काढलेली जुनी मोटर सरकू नये म्हणून धरून. ओढ्यावरच्या बुटक्या फरशीपुलावरून जाताना गाडी कलंडली. भाऊजी बाहेर निघाले." कप पुढे सरकवत म्हणाल्या, "आमचे हे जागच्या जागी गेले. डोक्याला मार लागला. त्रास झाला नाही त्यांना. घ्यायची नसेल तर सांगा, मी राग मानणार नाही."

भाचीने मामाकडे बघितलं. गाडीत माणूस गेलाय म्हटल्यावर बरेच जण पाठ फिरवतात. पण ती डॉक्टर. म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, काकू. मामा, सांगाडा बघून घे तू."

मिस्त्री मागच्या बाजूला आला. मागचं दार कडेकडेने वेल्डिंग करून पक्कं बंद केलेलं. अनाडी वेल्डिंग, थेंबच्या थेंब ओघळलेले.

"हे का केलं?"

"वाजायचं," पंपवाला म्हणाला.

"उभ्या गाडीचं दार?"

वहिनी म्हणाल्या, "इथून कधीकधी आवाज येतो खरा. पत्रा तापून वाजतो म्हणतात भाऊजी."

तेव्हा सव्वासात झाले होते. भाची आणि वहिनी शेडच्या दारात उभ्या राहून बोलायला लागल्या. पंपवाला भिंतीला टेकून उभा. मिस्त्रीने पोतं अंथरलं, टॉर्च तोंडात धरला, आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेला.

पुढून सुरुवात केली. टण्. टण्. टण्. पाण्यात पडलेल्या गाडीचा इतका खणखणीत सांगाडा त्याने बघितला नव्हता. मधल्या जोडाशी आला. टण्. टण्. मनात म्हणाला, पोरीचं नशीब चांगलं आहे. सरकत सरकत मागच्या आडव्या पट्टीखाली आला आणि ठोकलं.

टण्.

वरून आवाज आला. ठक् ठक् ठक्.

त्याला वाटलं, भाची. लहानपणापासून खोड्या करणारी. तो खालूनच ओरडला, "काम करू दे गं!"

"काय रे मामा?" आवाज दारातून आला. लांबून.

मिस्त्रीने मान वळवली. गाडीखालून पाय दिसत होते. दारात भाचीचे बूट. तिच्याशेजारी वहिनींच्या चपला. भिंतीशी पंपवाल्याचे अनवाणी पाय.

सगळ्यांचे पाय जिथल्या तिथे.

त्याने टॉर्च तोंडातून काढला. पुन्हा ठोकलं. एकदाच. हलकेच.

टण्.

ठक् ठक् ठक्.

बरोबर त्याच्या चेहऱ्याच्या वर. मधे फक्त गाडीच्या तळाचा पत्रा. मिस्त्री मला म्हणाला, लोखंडाने लोखंड वाजवलेलं मला झोपेतही कळतं. हे लोखंड नव्हतं. हे हाताने वाजवलेलं होतं.

मग त्याने ठोकलं नाही. नुसता पडून राहिला. श्वास धरून.

ठक् ठक् ठक्.

न ठोकताच.

तो बाहेर कसा आला ते त्यालाही आठवत नाही. शर्ट पाठीवर फाटला होता. उठून मागच्या काचेतून आत टॉर्च मारला. रिकामी जमीन. दोन बाजूंना दोन बाक. कोपऱ्यात धूळ. उंदीर नाही, मांजर नाही. काही नाही.

भाची जवळ आली. "काय झालं? गंजलंय?"

मिस्त्रीने नाही म्हणून मान हलवली. पंपवाल्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मागून... कोणीतरी वाजवलं."

आता बघा. कोणी साधा माणूस असता तर काय म्हणाला असता? 'काहीतरीच काय' म्हणाला असता. हसला असता. 'कोणी?' असं तरी विचारलं असतं.

पंपवाल्याने विचारलं, "तीनदा?"

ट्यूबलाइटची घरघर तेवढी ऐकू येत होती.

वहिनी दारातून पुढे आल्या. सावकाश. "भाऊजी... तुम्हाला काय माहीत, तीनदा?"

त्या आणखी एक पाऊल पुढे आल्या.

"पत्रा वाजतो म्हणालात ना मला?"

तो गाडीकडे बघत होता. खाली बसला. भिंतीला पाठ घासत, तसाच, उकिडवा.

"वहिनी... दादा जागच्या जागी नाही गेला."

...

"गाडी आडवी झाली. मी खिडकीतून निघालो. काठावर आलो. मागचं दार दाबलं गेलं होतं, पुढच्या वाटेत मोटर अडकली होती. आत... थोडी हवा राहिली असेल. तो वाजवत होता. तीनदा. मग थांबायचा. परत तीनदा."

"किती वेळ?"

"वहिनी..."

"किती वेळ, भाऊजी?"

"उजाडेपर्यंत."

मिस्त्री सांगत होता, त्या बाईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ते बघवत नव्हतं म्हणाला. नुसत्या उभ्या होत्या.

"पाणी किती होतं?"

"छातीएवढं. नंतर... नंतर कमरेएवढं. मला पोहता येत होतं. दहा मिनिटांवर वस्ती होती. दोर होता तिथल्या लोकांकडे. सगळं माहीत होतं मला. पण पायच उचलेनात. काठावर बसून राहिलो."

"हाक तरी मारलीत त्यांना? मी आहे इथे, एवढं तरी?"

त्याने मान हलवली. नाही.

"का?"

"हाक मारली असती तर... जावं लागलं असतं."

आणि तेव्हा आवाज आला. या वेळी सगळ्यांनी ऐकला. भाचीने ऐकला, तिने मला स्वतः सांगितलंय.

ठक् ठक् ठक्.

बंद दाराच्या आतून.

भाचीने मामाचा दंड धरला. तिची नखं रुतली. दोघांनाही पळायचं होतं, पण शेडच्या दाराच्या वाटेत वहिनी उभ्या, आणि त्यांना बाजूला सारायची हिंमत कोणाची?

ठक् ठक् ठक्.

वहिनी वळल्या. मिस्त्रीच्या हातातली हातोडी त्यांनी काढून घेतली. न विचारता. पंपवाल्यासमोर गेल्या आणि त्याच्या हातात दिली.

"उत्तर द्या."

"मला नाही होणार..."

"अकरा वर्षं वाट बघतायत ते. द्या." म्हणाल्या आणि पुन्हा शेडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

तो उठला. भिंत धरत धरत. गाडीच्या मागे आला. हातोडी उचलली. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

टण्.

एकदा.

मग तोंड दाराशी नेऊन काहीतरी म्हणाला. मिस्त्रीला नीट ऐकू आलं नाही. भाचीला आलं. तो म्हणाला, "दादा, मी आहे."

...

काही नाही.

ट्यूबलाइटची घरघर.

...

आणि गाडी उठली.

हो, उठली. हसू नका. घाबरूही नका, ऐका. मागच्या चाकांवर त्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात ना? मागे बसलेला जड माणूस खाली उतरला की त्या करकरतात आणि गाडी बोटभर वर येते. रोज बघता तुम्ही. तश्शी. करकरली, आणि बोटभर वर आली. मिस्त्रीची नजर चाकावरच होती. हयात गेली होती त्याची ते बघण्यात. तो म्हणाला, एक माणूस उतरला. सत्तर-पंच्याहत्तर किलोचा.

दार बंद. वेल्डिंग जिथल्या तिथे. कोणी दिसलं नाही. वारा नाही, थंडी नाही, काही नाही.

फक्त वहिनी शेडच्या दारातून बाजूला झाल्या. आपण नाही का होत, समोरून कोणी येत असलं की? तशा. अंग चोरून. आणि तोंड हळूहळू वळवलं अंगणाकडे, कोणाच्या तरी मागोमाग. बराच वेळ बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "चहा गार झाला. दुसरा करते."

साडेसात वाजले होते. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

काय म्हणालास? गाडी घेतली का? घेतली तर! भाचीने रात्री विचार केला आणि सकाळी मामाला म्हणाली, सांगाडा चांगला आहे ना, मग झालं. म्हणून तर मिस्त्री माझ्या दुकानात आला होता. वेल्डिंग कापायच्या चकत्या हव्या होत्या त्याला. चार मागितल्या. मी म्हटलं, एका दाराला चार कशाला? म्हणाला, हात स्थिर नाहीये. मग चहा पुढ्यात ठेवून त्याने हे सगळं सांगितलं.

आणि त्या दोघांचं? वहिनी पंपवाल्याशी चार महिने एक शब्द बोलल्या नाहीत. जेवण वाढायच्या, भांडं आपटायच्या नाहीत, पण बोलायच्या नाहीत. त्याने गावात ज्याला त्याला स्वतःहून सांगितलं, काठावर काय झालं ते. काहींनी त्याच्याकडे पंप द्यायचं बंद केलं. त्याने तेही ऐकून घेतलं. पुढे त्याच्या छातीत दुखलं तेव्हा वहिनीच त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि तीन रात्री खुर्चीवर बसून राहिल्या. माफ केलं का? ते मला विचारू नका. मी स्पेअरपार्टवाला.

शेडमध्ये पुन्हा आवाज आला नाही.

भाचीने सव्वा वर्षात गाडी उभी केली. खरंच, शेवटचा नटबोल्ट तिने स्वतः काढला आणि स्वतः बसवला. आजही चिखलातून, नाल्यातून हिंडते, कुरकुर नाही. दोन वर्षांपूर्वी दुकानावर आली होती, ब्रेकचं काहीतरी न्यायला. मी म्हटलं, बघू तरी तुझी करामत. तिने मागचं दार उघडलं आणि म्हणाली, "काका, आत या. एक दाखवायचंय."

केबिनचा सगळा पत्रा तिने घासून उघडा केला होता आणि आतून पांढरा रंग मारला होता. सुरेख काम. एक थेंब ओघळलेला नाही. तीनदा मारलाय म्हणाली.

"तीनदा कशाला?"

तिने दाराच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. छातीच्या उंचीवर चार ठिपके होते. एका ओळीत. बाकी रंग खडखडीत वाळलेला, तेवढेच चार ठिपके चकाकत होते. पहिल्यांदा तिला वाटलं, रंगात तेल गेलं. घासून पुन्हा मारला. मग दुकान बदलून, डबा बदलून मारला. शेवटचा हात मारून दोन उन्हाळे गेले... तेवढी जागा वाळत नाही.

मी बोट लावलं. बोट पांढरं झालं.

तुम्ही असं करा. उजव्या हाताची मूठ वळा. घट्ट. आता दार वाजवतो तशी समोर धरा, आणि मला सांगा... दाराला काय काय लागतं?

मोजा. मोठ्याने नको.